संकटकाळ आणि ख्रिस्ती श्रद्धेतील शांती

ख्रिस्ती श्रद्धेत मनःशांती हे देवाशी जुळलेल्या नात्याचे फळ मानले जाते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने पवित्र आत्म्याच्या फळांची यादी दिली आहे. तिच्यात प्रीती आणि आनंद यांच्या पाठोपाठ शांतीचे नाव येते. फळ ओढून बाहेर काढता येत नाही. मुळाला ओल मिळाली की ते यथाकाल धरते. म्हणूनच ख्रिस्ती परंपरा माणसाला शांतीच्या मागे लागायला सांगत नाही. ती देवावर भरवसा ठेवायला, त्याच्यापुढे मन मोकळे करायला आणि शेजाऱ्याच्या उपयोगी पडायला शिकवते. शांती या वाटेवर भेटते.

संकट टळल्यावर येणारी स्वस्थता सर्वांच्याच ओळखीची आहे. आजारी माणूस बरा झाला, कर्ज फिटले, पाऊस पडला की जीव भांड्यात पडतो. संकट तसेच असताना टिकणारी शांती ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि नव्या कराराचा भर तिच्यावर आहे. योहानाच्या शुभवर्तमानानुसार येशूने शिष्यांना आपली शांती दिली ती अटकेच्या रात्री, अखेरच्या भोजनाच्या वेळी. काही तासांतच शिष्यांची दाणादाण उडणार होती आणि दुसऱ्या दिवशी त्याला वधस्तंभावर खिळले जाणार होते. या दानाची वेळच त्याचा अर्थ सांगते.

शांतीचा पाया

नव्या करारात शांतीला तीन बाजू आहेत. रोमकरांस पत्रात देव आणि माणूस यांच्यातील समेटाची शांती आहे. ख्रिस्ताच्या मरणाने पापाचा अडसर दूर झाला, आता देवाची कृपा मिळवण्यासाठी माणसाला आपली योग्यता सिद्ध करावी लागत नाही, हा तिचा आशय. इफिसकरांस पत्रात माणसामाणसांतील शांती आहे. यहूदी आणि विदेशी यांच्यामधील वैराची भिंत ख्रिस्ताने पाडली, असे ते पत्र सांगते. फिलिप्पैकरांस पत्रात अंतःकरणाचे आणि विचारांचे रक्षण करणारी शांती आहे. मनाची शांती पहिल्या दोहोंवर उभी असते. देवाशी दुरावा आणि शेजाऱ्याशी वैर कायम ठेवून केवळ मन शांत करण्याची युक्ती बायबल सांगत नाही.

पौलाच्या काळी ग्रीक-रोमन जगात स्टोइक तत्त्वज्ञानाचा मोठा प्रभाव होता. जे आपल्या हातात नाही त्याची आसक्ती सोडावी, सुखदुःखांनी मन हलू देऊ नये, अशी त्याची शिकवण होती. तिच्यात धैर्य आहे आणि पुढील ख्रिस्ती लेखकांनी तिच्यातून बरेच घेतलेही. तरी ख्रिस्ती शांतीची घडण निराळी आहे. आपला मित्र लाजर मरण पावल्यावर येशू रडला, असे योहान नोंदवतो. आपण लाजराला पुन्हा जिवंत करणार आहोत हे ज्याला ठाऊक होते, तोही शोक करणाऱ्यांमध्ये उभा राहून रडला. त्यामुळे डोळ्यांत पाणी येणे हे श्रद्धा कमी असल्याचे लक्षण ठरत नाही.

या श्रद्धेचा गाभा म्हणजे वधस्तंभ आणि पुनरुत्थान. वधस्तंभ सांगतो की देव माणसाच्या दुःखाकडे दुरून पाहत नाही. अन्याय, छळ, एकटेपणा आणि मरण यांतून तो स्वतः गेला. पुनरुत्थान सांगते की यांपैकी कशाचाही शब्द अखेरचा नाही. दुःख का येते, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर या दोन घटना देत नाहीत. दुःखात सोबत कोण आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र देतात आणि ख्रिस्ती माणसाची शांती त्या उत्तरावर विसावते.

विलापाला मोकळी वाट

संकटात शांती हवी असेल तर आधी दुःख बोलून दाखवले पाहिजे, हा बायबलचा पहिला धडा आहे. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे म्हणजे विलाप आहेत. त्यांची घडण समजण्यासाठी तेरावे स्तोत्र पाहण्यासारखे आहे. ते जेमतेम सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत भक्त देवाला एकाच प्रकारचा प्रश्न चार वेळा विचारतो. हे सगळे आणखी किती काळ चालणार, देव आपल्याला कायमचा विसरला आहे काय, असा त्याचा रोख आहे. पुढील दोन वचनांत तो मागणे मागतो: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, डोळ्यांत प्रकाश येऊ दे. शेवटच्या दोन वचनांत तो देवाच्या दयेवर भरवसा ठेवतो आणि गाण्याचा निश्चय करतो. शत्रू हटला, आजार बरा झाला, असे मध्ये कुठेही म्हटलेले नाही. परिस्थिती होती तशीच आहे. गाऱ्हाणे योग्य ठिकाणी पोहोचल्यामुळे भक्ताचा सूर बदलला आहे.

प्रत्येक विलाप असा उजेडात संपत नाही. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात राहिले, कारण अंधारातून मारलेली हाकही प्रार्थनाच आहे. ईयोबाच्या पुस्तकात हाच विचार कथेतून येतो. मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेला ईयोब देवाला जाब विचारतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्यालाच दोषी ठरवतात. शेवटी देव मित्रांवर रागावतो आणि ईयोब आपल्याविषयी यथार्थ बोलला, असा निर्वाळा देतो. शोकाकुल घरात जाऊन ‘देवाची इच्छा, रडू नका’ असे घाईने सांगणाऱ्यांनी हा निर्वाळा लक्षात ठेवायला हवा. ईयोबाच्या मित्रांनी सर्वांत चांगले काम केले ते पहिल्या सात दिवसांत, जेव्हा ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले.

या परंपरेचा कळस गेथशेमाने बागेत दिसतो. अटकेच्या रात्री येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना जवळ घेतले, आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचे त्यांना सांगितले आणि जागे राहण्याची विनंती केली. ते झोपी गेले. मत्तयाच्या वृत्तान्तानुसार त्याने तीनदा प्रार्थना केली. दुःखाचा प्याला टळावा असे मागणे आणि पित्याच्या इच्छेला मान्यता, अशी तिची दोन अंगे होती. मागणे खरे होते, म्हणूनच मान्यतेलाही वजन आले. प्रार्थनेनंतर तो उठला आणि पकडायला येणाऱ्यांना सामोरा गेला. वधस्तंभावरही त्याच्या तोंडी बाविसाव्या स्तोत्राच्या प्रारंभीचा आक्रोश आला. जी माणसे देवाने आपल्याला सोडले की काय या भीतीतून जातात, त्यांच्या आधी ख्रिस्त त्या ठिकाणी जाऊन आलेला आहे, अशी मंडळीची, म्हणजे चर्चची, श्रद्धा आहे.

फिलिप्पै येथील तुरुंग

पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय ख्रिस्ती घरांत वारंवार वाचला जातो. चिंता करत न बसता प्रत्येक गोष्ट आभारपूर्वक देवाला कळवावी, म्हणजे बुद्धीला न आकळणारी शांती अंतःकरण राखील, असा त्याचा उपदेश आहे. हा उपदेश किती सोसून केलेला आहे हे समजण्यासाठी त्या गावातील पूर्वीची घटना पाहावी लागते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायानुसार पौल आणि त्याचा सहकारी सीला यांना फिलिप्पै येथे चौकशीविना फटके मारून आतल्या कोठडीत टाकण्यात आले, त्यांचे पाय खोड्यात अडकवले गेले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत होते, गीते गात होते आणि इतर कैदी ऐकत होते. भूकंप होऊन दारे उघडली. कैदी पळाले असे समजून तुरुंगाधिकाऱ्याने स्वतःचा जीव घेण्यासाठी तलवार उपसली, तेव्हा पौलाने ओरडून त्याला थांबवले. त्याच रात्री त्या अधिकाऱ्याने या दोघांच्या जखमा धुतल्या आणि आपल्या कुटुंबासह बाप्तिस्मा घेतला. सकाळी न्यायाधीशांनी गुपचूप सुटकेचा निरोप पाठवला. पौलाने तो नाकारला. आपण रोमी नागरिक असताना आपल्याला उघडपणे मारले, आता चोरून कशाला सोडता, त्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे, असा आग्रह त्याने धरला आणि न्यायाधीशांना यावे लागले. अंतरीची शांती आणि हक्कासाठी ठाम उभे राहणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच प्रसंगात दिसतात.

पुढे याच गावच्या मंडळीला पौलाने पत्र लिहिले तेव्हाही तो बंदिवासात होता. शांत माणसाला दुःख होत नाही, हा समज हे पत्र खोडून काढते. मंडळीने मदतीसाठी पाठवलेला एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचला होता. तो वाचला नसता तर आपल्यावर दुःखावर दुःख कोसळले असते, असे पौल मोकळेपणाने लिहितो. शांतीच्या उपदेशाच्या आधी तो युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांना आपसांत एकमत व्हावे म्हणून विनवतो आणि मंडळीतील एकाला त्यांना साहाय्य करायला सांगतो. मंडळीतील भांडण आणि मनातील शांती यांचा संबंध त्याला इतका जवळचा वाटतो. विपुलतेत आणि टंचाईत समाधानी राहायला आपण शिकलो आहोत, असेही तो सांगतो. शिकलो म्हटल्यावर त्यात वर्षे, अपयश आणि सराव आले. ख्रिस्ती शांती दान आहे, तरी ते दान वापरण्याची सवय माणसाला लावून घ्यावी लागते.

परंपरेतील साक्षीदार

इ. स. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटले तेव्हा अजिंक्य वाटणारे जगच ढासळल्यासारखे झाले. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने या धक्क्यानंतर ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ लिहायला घेतला. त्याच्या एकोणिसाव्या खंडात शांतीची सविस्तर चर्चा आहे. प्रत्येक गोष्ट आपल्या योग्य जागी असणे, त्या सुव्यवस्थेतून येणारे स्थैर्य म्हणजे शांती, असे तो मांडतो. माणूस देवाच्या जागी सत्ता, संपत्ती किंवा नगर बसवतो, तेव्हा ते कोसळताच तोही कोसळतो. ४३० मध्ये वँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातलेला असताना ऑगस्टीन मृत्युशय्येवर होता. पश्चात्तापाची काही स्तोत्रे लिहवून घेऊन त्याने ती समोरच्या भिंतीवर लावून घेतली होती आणि पडल्या पडल्या तो ती वाचून रडत असे, असे त्याचा चरित्रकार पॉसिदियस सांगतो. शांतीचा इतका मोठा मीमांसक अखेरीस रडत, स्तोत्रे वाचत गेला, यात विसंगती नाही. आयुष्यभर जे शिकवले त्यालाच तो शेवटी धरून राहिला होता.

१५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला स्पॅनिश सैनिक इग्नेशियस लोयोला अंथरुणावर पडून होता. पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा वाटते, पण नंतर मन कोरडे होते. ख्रिस्त आणि संतांच्या चरित्रांचा विचार केल्यावर मात्र समाधान मागे राहते, हे त्याच्या ध्यानात आले. या निरीक्षणातून त्याची ‘आध्यात्मिक साधना’ घडली आणि १५४८ मध्ये तिला पोपची मान्यता मिळाली. मनाला दिलासा मिळण्याचे आणि मन उजाड होण्याचे काळ आलटून पालटून येतात, हे तो गृहीत धरतो. उजाड काळासाठी त्याचा नियम व्यवहारी आहे: अशा वेळी आधी घेतलेले चांगले निर्णय बदलू नयेत, उलट प्रार्थना थोडी वाढवावी आणि हाही काळ जाईल हे स्मरावे. निराशेच्या भरात नोकरी, नाते किंवा श्रद्धा सोडायला निघालेल्या माणसाला हा नियम आजही सावरतो.

विसाव्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञ दीट्रिख बोनहोफर याने शांती आणि सुरक्षितता यांची गल्लत करू नये, असे १९३४ मध्ये डेन्मार्कमधील फानो येथील परिषदेत बजावले. तिथे विषय राष्ट्राराष्ट्रांतील शांतीचा होता, पण पुढे त्याचे स्वतःचे आयुष्यच या विधानाची कसोटी ठरले. १९३९ मध्ये अमेरिकेत आसरा मिळालेला असताना काही आठवड्यांतच तो जर्मनीत परतला, हिटलरविरोधी गटाशी त्याने संबंध ठेवला आणि एप्रिल १९४३ मध्ये त्याला अटक झाली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगात लिहिलेल्या एका कवितेत, इतरांना दिसणारा धीरगंभीर माणूस आणि स्वतःला जाणवणारा व्याकूळ जीव यांतला खरा कोण, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. त्याचा निकाल त्याने देवावर सोपवला. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्ग छळछावणीत त्याला फाशी देण्यात आली. आपण शांत आहोत की नाही हे सारखे तपासत बसण्यापेक्षा आपण कोणाचे आहोत हे लक्षात ठेवणे, हा त्याच्या तुरुंगवासाचा धडा आहे.

महाराष्ट्रातील अनुभव

ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा मराठीत चारशे वर्षांपूर्वी आली. इंग्लंडमधून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने ती कथा पुराणाच्या परिचित घाटात आणली. संकटात शांती कशी टिकते याचे मराठी मुलखातील सर्वांत ठळक उदाहरण मात्र पंडिता रमाबाईंचे आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. तीर्थक्षेत्री पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरे. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण उपासमारीने काही महिन्यांच्या अंतराने दगावली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत राहिले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी दोघांनी कबरीसारखे खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली, हा प्रसंग त्यांनी आपल्या साक्षीत नोंदवला आहे. १८७८ मध्ये कलकत्त्यात विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये तेही पटकीने गेले. पदरात मुलगी मनोरमा होती.

१८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाने त्या राहिल्या. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची या भगिनी मायेने सेवा करतात, हे फुलहॅम येथे पाहून रमाबाई थक्क झाल्या. अशा स्त्रियांविषयी इतकी कणव कुठून येते, हे विचारल्यावर त्यांना शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेल्या संभाषणाची कथा वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या श्रद्धेची सुरुवात प्रत्यक्ष सेवा पाहून झाली, हे लक्षणीय आहे.

बाप्तिस्म्याने मन लगेच निवले नाही. पुढे बरीच वर्षे आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता, अशा आशयाची कबुली १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षीत त्या देतात. धर्ममतांच्या वादात बुद्धी गुंतली होती आणि जीव तहानलेलाच होता. १८९१ च्या सुमारास, आपल्या विद्वत्तेचा किंवा पुण्याचा हिशेब न मांडता आहोत तसे ख्रिस्ताच्या स्वाधीन व्हावे, हे त्यांना उमगले. तिथून त्यांच्या लेखनात विसावा आणि आनंद यांचा सूर दिसू लागतो.

बाहेरचे वादळ थांबले होते असे मुळीच नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलेले त्यांचे विधवांसाठीचे शारदासदन १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात सापडले. सल्लागार मंडळातील मान्यवर बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुली पाहून त्यांना आपले लहानपण आठवले. त्यांनी शेकडो मुली आणि स्त्रिया आणल्या आणि पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावच्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना चालला. अंध स्त्रियांसाठी, वृद्धांसाठी आणि फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र सदने झाली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून रमाबाईंनी सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर सुरू केले. जुलै १९२१ मध्ये त्यांच्या कामाची वारस असलेली मनोरमा गेली. त्या दुःखातही आजारी रमाबाई भाषांतराच्या कामाला लागून राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि लेक यांची मरणे पाहिलेल्या या बाईची शांती केडगावात जेवणाऱ्या, शिकणाऱ्या आणि काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये दिसत होती.

कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे दोघे एकत्र आले आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. अभंग आणि कीर्तन यांच्या घाटात त्यांनी लिहिलेली गीते मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त आजही आहेत. परक्या चालींवर म्हटली जाणारी प्रार्थना टिळकांमुळे आपल्या चालीत आली. संकटात माणसाला आपल्या भाषेतलेच शब्द आठवतात. मराठी ख्रिस्ती माणसाला ते शब्द टिळकांनी दिले.

रोजच्या जगण्यातील साधना

या शांतीच्या साधना साध्या आहेत. पहिली म्हणजे चिंता नावानिशी देवापुढे ठेवणे. मुलाची फी, नवऱ्याचे दारूचे व्यसन, डॉक्टरांनी सांगितलेली शस्त्रक्रिया असे नेमके बोलल्याने भीतीला आकार येतो आणि तिचा काही भार उतरतो. दुसरी, स्तोत्रांचे नियमित पठण. मठवासी ठरलेल्या प्रहरांना स्तोत्रे म्हणतात. वसईतील कॅथलिक घरांत सायंकाळी कुटुंबाने एकत्र बसून रोझरी म्हणण्याची रीत आहे. स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा पाठ असलेले शब्द आधार देतात. तिसरी, इग्नेशियसने सांगितलेले दिवसाचे अवलोकन: आज कृपा कुठे दिसली, चूक कुठे झाली, हे शांतपणे पाहणे. चौथी, पापकबुली आणि क्षमा. मनात जपलेला राग आणि लपवलेला अपराध यांच्या शेजारी शांती राहत नाही.

पाचवी साधना म्हणजे मंडळी. प्रभुभोजनात किंवा मिस्सात सारे एकाच भाकरीचे वाटेकरी होतात. शोकाच्या घरी जमणारी प्रार्थनासभा, आजाऱ्याला भेटायला येणारे पाळक, २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी कबरींवर लावल्या जाणाऱ्या मेणबत्त्या या गोष्टी माणसाला दुःखात एकटे पडू देत नाहीत. ज्याची श्रद्धा आज डळमळली आहे त्याच्यासाठी इतरांनी श्रद्धा धरून ठेवायची, असा मंडळीचा अर्थ आहे. सहावी, सेवा. स्वतःच्या दुःखाने वेढलेल्या माणसाला दुसऱ्याची गरज दिसू लागणे, हे तो सावरत असल्याचे पहिले चिन्ह असते.

शांती जाणवत नाही तेव्हा

या साधना करूनही मन कोरडे राहू शकते. १५७७ ते १५७८ या काळात स्पॅनिश संन्यासी क्रूसभक्त योहान याला त्याच्याच संघातील विरोधकांनी टोलेडो येथे सुमारे नऊ महिने अंधाऱ्या खोलीत डांबले. जिवाच्या काळोख्या रात्रीविषयी त्याने पुढे जे लिहिले त्याचा आशय असा, की देवाची गोडी जाणवेनाशी होणे म्हणजे देवाने सोडणे नव्हे. त्या रात्रीत श्रद्धा गोडीच्या आधाराविना चालायला शिकते. मदर तेरेसांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा, कित्येक दशके त्यांना असाच कोरडेपणा सोसावा लागला होता हे जगाला समजले. त्यांची सेवा त्यामुळे थांबली नव्हती. शांतीची भावना आणि शांतीचे जगणे यांत फरक आहे. भावना येते-जाते, भरवशाने केलेले काम मात्र तिच्या गैरहजेरीतही चालू राहते.

मर्यादा आणि गैरसमज

शांतीच्या नावाखाली तीन चुका होतात. पहिली, श्रद्धा असेल तर आजार आणि गरिबी येणारच नाही, अशी हमी देणे. पौलाने शरीरातील काट्यासारखी व्यथा दूर व्हावी म्हणून तीनदा विनवणी केली. ती दूर झाली नाही, सोसायला कृपा मिळाली. दुसरी चूक म्हणजे औषधोपचाराला अविश्वास मानणे. नव्या करारात लूकाला प्रिय वैद्य म्हटले आहे, मिरजेत डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले ते याच श्रद्धेपोटी. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला प्रार्थनेबरोबर मनोविकारतज्ज्ञाचीही गरज असते आणि त्याच्याकडे जाण्यात श्रद्धेला काही कमीपणा येत नाही. तिसरी चूक सर्वांत घातक आहे: मार खाणाऱ्या बाईला किंवा नाडल्या गेलेल्या मजुराला ‘शांत राहा, सहन करा’ असे सांगणे. खोटी शांती सांगणाऱ्या संदेष्ट्यांवर यिर्मयाने कडक टीका केली, कारण ते प्रजेची जखम वरवर बांधत होते. फिलिप्पैच्या न्यायाधीशांना दारात बोलावणारा पौल आणि टाकलेल्या स्त्रियांसाठी समाजाचा रोष पत्करणाऱ्या रमाबाई यांची शांती अन्यायाशी तडजोड करणारी नव्हती.

ख्रिस्ती शिकवणीनुसार ही शांती इहलोकी अपुरीच असते. अश्रू पुसले जातील आणि मरण उरणार नाही, ही प्रकटीकरणातील आशा अजून यायच्या काळाची आहे. त्यामुळे श्रद्धावान माणूस आजच्या शांतीला त्या पूर्णतेचा विसार म्हणून घेतो. तिच्या बळावर तो रडतो, मागतो, क्षमा करतो, उपचार घेतो, अन्यायाला विरोध करतो आणि हातातले काम पुढे नेतो. माणसाच्या जगण्यात हे सारे दिसू लागले, की संकट संपले नसतानाही ख्रिस्ताची शांती त्याच्यापर्यंत पोहोचली आहे, असे मंडळी मानते.